हात वर करा, मगच मोहऱ्याला हात लावा

शालेय बुद्धिबळ स्पर्धेची पहिली फेरी सुरू होऊन दहा-बारा मिनिटं झाली, की पहिला हात वर होतो. हात वर करणारं पोर खुर्चीतून अर्धं उठलेलं असतं, समोरचा कावराबावरा झालेला असतो. जवळ गेलं की हळूच प्रश्न येतो, "सर, याचा राजा एकदम दोन घरं गेला. चालते का?"

चालते. त्याला किल्लेकोट म्हणतात, आणि तो कधी चालतो, कधी नाही, हे पुढे सविस्तर सांगतो. पण आधी त्या वर झालेल्या हाताबद्दल बोलायचं आहे. असा एक हात वर होतो तेव्हा त्याच हॉलमध्ये चार मुलं तसाच प्रश्न मनात घेऊन गप्प बसलेली असतात. समोरच्यानं काहीतरी वेगळं केलं, आपल्याला ते ठाऊक नाही, विचारलं तर हसतील, म्हणून ती पुढची खेळी करून मोकळी होतात. फेरी संपल्यावर वडिलांना सांगतात. वडील तावातावानं टेबलाशी येतात, आणि तोवर निकालाच्या कागदावर दोघांच्या सह्या झालेल्या असतात.

आपल्या जिल्ह्यातलं मूल तालुक्याला खेळून यवतमाळला जिल्हा स्पर्धेला येतं, तिथून अमरावती विभागाला आणि पुढे राज्याला जातं. १४, १७ आणि १९ वर्षांखालचे गट असतात. वणी, पुसद, दारव्हा, उमरखेड, पांढरकवडा इथल्या मुलांच्या पटांमधून पंच म्हणून फिरताना मला एक गोष्ट सतत जाणवते : खेळात ही मुलं कमी नाहीत. अमरावतीचा स्वप्नील धोपाडे ग्रँडमास्टर झाला, नागपूरचे रौनक साधवानी आणि संकल्प गुप्ता झाले. नागपूरच्याच दिव्या देशमुखनं जुलै २०२५ मध्ये जॉर्जियातल्या बाटुमीत कोनेरू हंपीला हरवून महिला विश्वचषक जिंकला आणि त्याबरोबर ती ग्रँडमास्टरही झाली. आपल्या मुलांचे गुण जातात ते नियम माहीत नसल्यानं, आणि त्याहून जास्त, विचारायला लाजल्यानं.

आजोबांचा पट आणि मोबाइलचा पट

गावातली मुलं बुद्धिबळ शिकतात ती दोघांकडून. एक घरातलं वडीलधारं माणूस, दुसरा मोबाइल. दोघंही चांगले गुरू आहेत, पण दोघांकडून एकेक घोटाळा सोबत येतो.

आजोबा शिकवतात ते पुष्कळदा देशी नियम असतात. देशी पद्धतीत प्यादं पहिल्याच खेळीत दोन घरं जात नाही, एकच जातं. राजाला आयुष्यात एकदा घोड्याची चाल मिळते, पण त्याआधी शह बसलेला असेल तर ती जाते. शेवटच्या घरात पोचलेलं प्यादं ज्या मोहऱ्याच्या रांगेत पोचलं तोच मोहरा होतं. हे नियम चुकीचे नाहीत, जुने आहेत. पंजाबचे मीर सुलतान खान असेच देशी नियमांवर वाढले, मग आंतरराष्ट्रीय नियम शिकले आणि १९२९, १९३२ व १९३३ अशी तीनदा ब्रिटनची राष्ट्रीय स्पर्धा जिंकून आले. त्यामुळे आजोबांनी शिकवलेलं टाकून देऊ नका, आनंदानं घरी खेळा. मात्र स्पर्धेत फिडे या जागतिक संघटनेचे नियम लागतात, एवढं मुलाला स्पष्ट सांगा.

मोबाइलची गोष्ट अधिक अवघड आहे, कारण तिथला घोटाळा दिसत नाही. मोबाइलवर चुकीची खेळी करताच येत नाही. राजा शहात असताना तुम्ही घोडा हलवायला गेलात, तर घोडा मुकाट्यानं जागेवर परत येतो. किल्लेकोट चालत नसेल तर राजा हलतच नाही. प्यादं शेवटच्या घरात गेलं की वजीर आपोआप उगवतो. घड्याळ स्वतःच चालतं, स्वतःच थांबतं. काही ॲपवर तीनदा तीच स्थिती आली की डाव आपोआप बरोबरीत सुटतो. म्हणजे हजार डाव खेळलेल्या मुलालाही नियम पाळावा कधी लागलेलाच नसतो, तो त्याच्याकडून पाळून घेतलेला असतो. लाकडी पटावर, प्लास्टिकच्या सोंगट्यांशी बसल्यावर मात्र कोणी हात धरत नाही. तिथे राजा शहात ठेवून घोडा हलवता येतो, घड्याळ दाबता येतं, आणि त्याचा दंडही भरावा लागतो.

म्हणून पुढचं सगळं मी पटावर खेळणाऱ्यासाठी सांगतो आहे.

किल्लेकोट

यावर सगळ्यात जास्त भांडणं होतात, म्हणून इथे थोडं थांबू या.

राजा आपल्या घरातून हत्तीच्या दिशेनं दोन घरं जातो आणि हत्ती राजावरून उडी मारून त्याच्या पलीकडच्या घरात बसतो. पांढऱ्याचा राजा ई१ वर असतो. जवळच्या बाजूला केला तर तो जी१ वर आणि हत्ती एफ१ वर, लांबच्या बाजूला केला तर राजा सी१ वर आणि हत्ती डी१ वर येतो. राजा किंवा तो हत्ती डावात आधी एकदाही हललेला असेल तर त्या बाजूचा किल्लेकोट कायमचा गेला. हलून परत जागेवर आला असेल तरीही गेला. मधल्या घरांत कोणी असेल तर तेवढ्यापुरता चालत नाही, घरं मोकळी झाली की चालतो.

आता शहाचं. राजा या क्षणी शहात असेल तर किल्लेकोट नाही. राजा ज्या घरावरून जाणार किंवा ज्या घरात बसणार, त्यावर समोरच्याचा मारा असेल तरीही नाही. नियम एवढाच आहे, पण त्यातून तीन गैरसमज निघतात.

पहिला, "एकदा शह बसला होता, आता किल्लेकोट करता येणार नाही." येतो. शह बसला तेव्हा तुम्ही मध्ये मोहरा घालून किंवा शह देणारा मोहरा मारून तो चुकवला असेल, राजा हलला नसेल, तर हक्क शाबूत आहे. मला वाटतं हा गैरसमज देशी नियमातून आला असावा, कारण तिथे शह बसला की राजाची घोडचाल जाते.

दुसरा, "हत्तीवर मारा आहे म्हणून चालत नाही." चालतो. मारा राजाच्या वाटेवर बघायचा असतो, हत्तीवर नाही. तिसरा गैरसमज याच्याच पोटातला : लांबच्या बाजूला बी१ या घरावर मारा असेल तरी चालतो का? चालतो, कारण त्या घरावरून फक्त हत्ती जातो. ते घर रिकामं मात्र हवं.

दुसऱ्या गैरसमजाची एक खरी गोष्ट मी प्रत्येक नव्या बॅचला सांगतो. १९७४ साली मॉस्कोत व्हिक्टर कोर्चनोय आणि अनातोली कार्पोव्ह यांच्यात आव्हानवीर ठरवणारा अंतिम सामना चालला होता. एकविसाव्या डावात कोर्चनोयच्या हत्तीवर मारा होता आणि त्याला किल्लेकोट करायचा होता. कोर्चनोय तेव्हा जगातल्या सर्वांत बलाढ्य खेळाडूंपैकी एक, वय चाळिशीच्या पुढे, सारा जन्म पटावर गेलेला. तो उठला आणि पंच अल्बेरिक ओ'केली यांना विचारून आला, हत्तीवर मारा असताना किल्लेकोट चालतो ना? चालतो म्हटल्यावर त्यानं तो केला आणि १९ खेळ्यांत कार्पोव्हला हरवलं. एवढ्या मोठ्या खेळाडूला विचारायची लाज वाटली नाही, तर आठवीतल्या पोरानं का लाजावं?

हात लावला की तोच खेळायचा

आपल्या पाळीला आपल्या मोहऱ्याला जाणून हात लावला, की तोच मोहरा खेळायचा. समोरच्याच्या मोहऱ्याला लावला, तर तो मारता येत असेल तर मारायचा. त्या मोहऱ्याची एकही नियमात बसणारी खेळी नसेल तरच दुसरं काही खेळायची मोकळीक मिळते. बाही लागून प्यादं पडलं तर तो हात लावणं धरत नाहीत, पडलेलं उचलून ठेवायचं.

मोहरा घराच्या रेषेवर तिरका बसला असेल तर नीट करता येतो, पण त्याची रीत आहे. पाळी तुमची असली पाहिजे, आणि हात लावण्याआधी "ॲडजस्ट" किंवा "नीट करतो" असं म्हटलं पाहिजे. आधी हात, मग शब्द, हे चालत नाही. २०१६ च्या मॉस्कोतल्या कँडिडेट्स स्पर्धेत हिकारू नाकामुरानं अरोनियनविरुद्ध राजाला हात लावला आणि मग नीट करतो आहे असं म्हटलं. राजाच खेळावा लागला आणि तो डाव हरला.

किल्लेकोटाला हा नियम जास्त कडक लागतो. किल्लेकोट करताना पहिला हात राजाला लागला पाहिजे. हत्तीला आधी हात लावला आणि मग राजाला, तर त्या खेळीत त्या बाजूचा किल्लेकोट नाही, हत्तीच खेळावा लागतो. आणि सगळं एकाच हातानं. दोन्ही हातांनी राजा-हत्ती एकदम उचलणारी मुलं दर स्पर्धेत दिसतात. दोन हातांनी खेळून घड्याळ दाबलं तर ती नियमबाह्य खेळी धरतात.

एका तालुका स्पर्धेत तिसऱ्या फेरीत एका मुलीनं स्वतःच हात वर केला. मी गेलो. तिचा हत्ती एच१ वरून थोडा उचललेला, बोटं अजून त्यावरच. म्हणाली, "सर, मला किल्लेकोट करायचा होता, पण हात आधी हत्तीला लागला." समोरच्या मुलाचं लक्षही नव्हतं, तो पाण्याची बाटली उघडत होता. मी नियम सांगितला, तिनं मान हलवली आणि हत्ती एफ१ वर ठेवला. राजा मध्यातच राहिला, पुढे त्यावरच मारा आला आणि डाव गेला. त्या दिवसापासून ती किल्लेकोट करताना राजावर बोट ठेवते, क्षणभर थांबते आणि मग हलवते. मी ती सवय आता सगळ्यांना लावतो.

हात लावल्याची तक्रार समोरच्यानं करायची असेल, तर स्वतःच्या मोहऱ्याला हात लावण्याआधी करायची. आपण आपली खेळी सुरू केली, की हक्क संपला. "सर, मघाशी यानं हात लावला होता," याला पंच काहीच करू शकत नाही.

प्यादं

प्याद्याचे दोन प्रश्न ठरलेले. पहिला आँ पासाँचा. समोरच्याचं प्यादं पहिल्या जागेवरून दोन घरं जाऊन तुमच्या प्याद्याच्या शेजारी बसलं, तर ते एकच घर आलं होतं असं समजून तिरकं मारता येतं. फक्त लगेचच्या खेळीत. एक खेळी दुसरीकडे केली की संधी गेली. आणि हे फक्त प्याद्यानंच प्याद्याला मारायचं. ज्याला हा नियम माहीत नाही त्याला ते चोरी वाटते, "माझं प्यादं इथे होतं, यानं तिथे जाऊन उचललं." रडू नका, पंचांना बोलवा, ते नियम समजावून सांगतील.

दुसरा, शेवटच्या घरात पोचलेल्या प्याद्याचा. त्याचा वजीर, हत्ती, उंट, घोडा यांपैकी काहीही होतो. पहिला वजीर पटावर जिवंत असला तरी दुसरा वजीर होतो, तिसराही होतो. अडचण सोंगटीची असते. जादा वजीर हाताशी नसतो, मग मुलं हत्ती उलटा ठेवतात आणि "वजीर" म्हणतात. फिडेच्या नियमात उलटा ठेवलेला हत्ती हा हत्तीच आहे. २०१७ साली कॅनडाच्या राष्ट्रीय अजिंक्यपदाच्या टायब्रेकमध्ये एका खेळाडूनं घाईत उलटा हत्ती ठेवला, पंचांनी तो हत्ती ठरवला, आणि विजेतेपद दुसऱ्याला गेलं. योग्य रीत सोपी आहे. घड्याळ थांबवा (डिजिटल घड्याळाला मधोमध बटण असतं), हात वर करा, वजीर मागा, ठेवा, मग पुढे खेळा. घड्याळ असं थांबवायचा हक्क नियमानंच दिला आहे. प्यादं शेवटच्या घरात तसंच ठेवून घड्याळ दाबलंत, तर ती नियमबाह्य खेळी होते आणि तिथे तुमच्या रंगाचा वजीर बसतो, तुम्हाला घोडा हवा असला तरी.

चुकीची खेळी झाली तर

राजा शहात सोडून दुसरं खेळणं, उंट सरळ नेणं, खेळी न करताच घड्याळ दाबणं, अशा सगळ्याला नियमबाह्य खेळी म्हणतात. ती पूर्ण झाली की पहिल्या वेळी समोरच्याला दोन मिनिटं जादा मिळतात, दुसऱ्या वेळी चूक करणारा डाव हरतो. ब्लिट्झमध्ये, म्हणजे अतिजलद डावात, दोनऐवजी एक मिनिट.

आपल्याकडच्या बहुतेक शालेय आणि खुल्या स्पर्धा रॅपिड असतात, म्हणजे प्रत्येकाला दहा मिनिटांपेक्षा जास्त आणि साठपेक्षा कमी वेळ. तिथे एकेक पंच कितीतरी पट सांभाळतो आणि त्याला सगळं दिसत नाही. अशा वेळी समोरच्याची चूक तुम्हीच दाखवायची आणि तुमची पुढची खेळी पूर्ण होण्याआधी दाखवायची. तुम्ही खेळून मोकळे झालात, तर ती चूक पटावर कायम झाली. मांडणीचंही तसंच. राजा आणि वजीर अदलाबदल करून मांडलेले मी कितीदा पाहिले आहेत. दहा खेळ्यांच्या आत लक्षात आलं तर सुधारता येतं, नंतर नाही, आणि चुकीच्या घरातल्या राजाला किल्लेकोटही मिळत नाही. म्हणून बसल्याबरोबर बघा : उजव्या हाताच्या कोपऱ्यात पांढरं घर, आणि वजीर स्वतःच्या रंगाच्या घरात.

समोरच्यानं राजा शहात सोडला, तर मुलं आनंदानं राजाच मारून टाकतात. तसं करू नका. घड्याळ थांबवा आणि पंचांना बोलवा. काही मुलं उलट शह देऊन बघतात. २०१७ च्या डिसेंबरात रियाधला झालेल्या जागतिक ब्लिट्झ स्पर्धेत अर्नेस्टो इनारकिएव्हनं हेच केलं. स्वतःचा राजा शहात असताना त्यानं समोर बसलेल्या कार्लसनला शह दिला, कार्लसननं राजा हलवला, आणि इनारकिएव्हनं कार्लसनचीच खेळी नियमबाह्य म्हणून विजयाचा दावा केला. आधी तो मान्य झाला, मग मुख्य पंचांनी तो फिरवून डाव पुढे खेळायला सांगितला. इनारकिएव्हनं खेळायला नकार दिला आणि विजय कार्लसनला मिळाला. ज्याच्यावर शह आहे त्यानं आधी तो चुकवायचा, एवढा साधा नियम जगातल्या मोठ्या हॉलमध्येही मोडला जातो.

"शह" तोंडानं म्हणण्याची सक्ती नाही. समोरच्यानं शह सांगितला नाही म्हणून आपला राजा सुटत नाही.

घड्याळ आणि बरोबरी

तालुक्याला सगळ्या पटांवर घड्याळं नसतात. डाव लांबला की मध्येच घड्याळ आणून ठेवतात, आणि त्याची सवय नसलेलं मूल खेळी करून हात मांडीवर ठेवतं. त्याची मिनिटं संपत राहतात. समोरच्यानं आठवण करून द्यायची गरज नसते. खेळी ज्या हातानं केली, घड्याळही त्याच हातानं दाबायचं. घरी दोन आठवडे घड्याळ लावून खेळलात तर ही अडचण राहत नाही.

वेळ संपली की डाव गेला, असं सगळ्यांना वाटतं. बहुतेक वेळा खरं आहे. पण समोरच्याकडे मात करण्याची शक्यताच उरली नसेल तर डाव बरोबरीत सुटतो. तुमच्याकडे वजीर आणि हत्ती, समोर एकटा राजा, आणि तुमची वेळ संपली : बरोबरी. समोर एक जरी प्यादं उरलं असेल, तर ते वजीर होऊ शकतं, म्हणून हार. वेळेच्या शेवटी समोरचं शेवटचं प्यादं मारून टाकणं हे म्हणूनच मोलाचं असतं.

बरोबरीच्या इतर वाटा थोडक्यात सांगतो. पाळी तुमची, राजा शहात नाही, आणि कुठल्याच मोहऱ्याची खेळी नाही, हा स्टेलमेट, डाव तिथेच बरोबरीत संपतो. वजीर आणि राजा घेऊन एकट्या राजाला कोपऱ्यात कोंडताना मुलं हे हमखास करून बसतात. तिथे प्रत्येक खेळीआधी बघा, समोरच्या राजाला एक तरी घर आहे का. तीच स्थिती, त्याच्याच पाळीला, तीनदा आली तर बरोबरी मागता येते. ती लागोपाठच यायला हवी असं नाही. पन्नास खेळ्यांत दोघांपैकी कोणीही प्यादं हलवलं नाही की काही मारलं नाही, तरी मागता येते. "मागता येते" हे शब्द लक्षात ठेवा. तुम्ही मागितली नाही तर पंच देत नाही. पाचदा तीच स्थिती आली किंवा पंचाहत्तर खेळ्या तशा झाल्या, तरच डाव आपोआप संपतो. आणि मागायची रीत अशी : खेळणार ती खेळी आधी कागदावर लिहा, मोहरा हलवू नका, आणि पंचांना सांगा. खेळून, घड्याळ दाबून मग मागितलीत, तर उशीर झालेला असतो. दावा चुकीचा निघाला तर समोरच्याला दोन मिनिटं मिळतात, म्हणून अंदाजानं मागू नका.

समोरच्याला बरोबरी देऊ करायची असेल तर आपली खेळी करा, विचारा, मग घड्याळ दाबा. दर दोन खेळ्यांनी विचारत राहिलात, तर तो समोरच्याला दिलेला त्रास धरला जातो.

जिथे खेळी लिहायची असते, तिथे मुलं इंग्रजी अक्षरांना घाबरतात. लिहिताना मोहऱ्याचं नाव आपल्या देशात रूढ असलेल्या अक्षरानं लिहायची मुभा फिडेच देते. घोड्याला "घो" आणि उंटाला "उं" लिहिणारं पोर चुकत नाही. पंचांना वाचता आलं पाहिजे, एवढंच.

आई-वडिलांसाठी

पालकांचे प्रश्न बहुतेक गुणांबद्दल असतात. "आमच्या मुलाचेही चार गुण, त्याचेही चार, मग बक्षीस त्याला कसं?" आपल्याकडच्या स्पर्धा स्विस पद्धतीच्या असतात. तिथे सारखे गुण असणाऱ्यांना समोरासमोर आणतात, एकाशी दोनदा गाठ पडत नाही. शेवटी गुण सारखे राहिले तर टायब्रेक लागतो, आणि सगळ्यात जास्त वापरला जाणारा बुखोल्झ म्हणजे तुमच्या मुलाच्या प्रतिस्पर्ध्यांनी मिळवलेल्या गुणांची बेरीज. ज्याचे प्रतिस्पर्धी जास्त जिंकले, तो वर. टायब्रेकचा क्रम स्पर्धेआधी जाहीर झालेला असतो. तो तक्ता सकाळीच वाचून घ्या, संध्याकाळी वाद होत नाही.

मुलाच्या खिशातला मोबाइल स्पर्धेच्या हॉलमध्ये सापडला तर डाव जातो, तो बंद असला तरी. मोबाइल तुमच्याजवळ ठेवा. पटाच्या मागे उभं राहून इशारे करू नका, चूक दिसली तरी मुलाला सांगू नका. काही वावगं दिसलं तर फक्त पंचांना सांगायचं असतं.

फिडेच्या नियमावलीतलं ११.९ हे कलम मुलांना पाठ करायला लावा. नियमाच्या कुठल्याही मुद्द्याचा खुलासा पंचांकडून मागण्याचा हक्क खेळाडूला आहे, असं ते सांगतं. पंच तुम्हाला खेळी सुचवणार नाहीत, किती खेळ्या झाल्या हेही सांगणार नाहीत, पण नियम सांगणं हे त्यांचं कामच आहे. निर्णय पटला नाही तर अपील करता येतं, अगदी कागदावर सही झाल्यावरही, स्पर्धेच्या नियमांनी मनाई केली नसेल तर.

पुढच्या तालुका स्पर्धेला अजून वेळ आहे. तोवर आठवड्यातून एक डाव घरच्या पटावर, मोबाइल बाजूला ठेवून, घड्याळ लावून, दोघांनी एक शब्दही न बोलता खेळा. अडलात तर मोहऱ्याला हात न लावता घड्याळ थांबवा, हात वर करा, आणि घरातल्या कुणाला तरी पंच करून विचारा.